पिशवीत डाळ नाही: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: रेशनवर दरमहा डाळ मिळण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,

शुगर तपासून सरकारी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात गोळ्यांची पट्टी असते आणि कानात एक वाक्य असतं: 'पोळी-भात कमी करा, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा.' गोळ्या फुकट मिळतात. वाक्य पाळायला मात्र पैसे लागतात.

त्याच माणसाच्या घरात दर महिन्याला रेशनची पिशवी येते. पाच माणसांचं प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो धान्य. कधी गहू जास्त, कधी तांदूळ जास्त. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि दुष्काळाच्या पट्ट्यात त्याचं मोल काय आहे ते कोणी सांगायला नको. पण डॉक्टरांनी जे कमी करायला सांगितलं तेच पिशवीत गच्च भरलेलं असतं, आणि जे वाढवायला सांगितलं त्याचा त्यात एक दाणा नसतो. दवाखान्यातलं वाक्य आणि दुकानातली पिशवी यांचा मेळ बसवणं आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

हे पत्र राणीसावरगावच्या संदर्भात लिहिलं आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगराळ अंगाचं हे गाव रेणुकादेवीचं ठाणं म्हणून ओळखलं जातं. भोवताली खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. रब्बीत ज्वारी, हरभरा आणि थोडीबहुत करडई. या डोंगरपट्ट्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शहरातला 'लो-कार्ब' आहार, म्हणजे बदामाचं पीठ, पनीर आणि परदेशी फळं, इथल्या बाजारात नाही, आणि असता तरी परवडला नसता. तरीही पिठूळ, गोड खाणं कमी करून प्रथिनं वाढवण्याची गरज इथे शहराइतकीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि मुलांचा अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट जगापुढे आली: भारतीय बाळ वजनाला कमी असतं, पण त्या मानाने त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. अशी काटकुळी दिसणारी माणसंही पुढे मधुमेहाच्या वाटेवर असतात. 'शुगर म्हणजे जाड्या, पैसेवाल्या माणसांचा आजार' हा समज खेड्यापाड्यांत अजून पक्का आहे, आणि त्यामुळे तपासणी उशिरा होते.

देशाचा हिशोब २०२३ मध्ये छापून आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी तब्बल ६२ टक्के उष्मांक पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. त्यात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो आपल्या खात्याने भिंतीवर लावून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण पिठूळ खाणं तेवढंच राहिलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो त्यातला थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली तेव्हा.

मराठवाड्याला हे ऐकायला जड जाईल. 'पोळी सोडली, भाकरी धरली, आता काळजी नाही' असं मोठ्या विश्वासाने सांगणारे पुष्कळ आहेत. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. तिच्यात चोथा आहे, खनिजं आहेत, आणि ती या मातीची आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरीच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं दहाच्या आसपास. शंभरेक ग्रॅम पिठाची मोठी भाकरी धरली आणि जेवणाला तीन भाकरी नुसत्या ठेच्याशी खाल्ल्या, तर शरीराच्या दृष्टीने तो पिठाचाच डोंगर झाला. तीनाची एक किंवा दीड भाकरी व्हायला हवी, आणि उरलेली भूक वरणाने, उसळीने, भाजीने भागायला हवी. गरिबाच्या घरात अडतं ते नेमकं इथे. भाकरी कमी केली की ताट रिकामं दिसतं, कारण ती जागा भरायला दुसरं काही नसतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात त्यांनी २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं आहे. भाज्या ४०० ग्रॅम, दूध ३०० मिली, शेंगदाणे-तेलबिया ३५ ग्रॅम. पाच माणसांचा महिना मांडला तर धान्य होतं साडेसदतीस किलो आणि डाळ पावणेतेरा किलो, म्हणजे तीन मापं धान्याला एक माप डाळ. रेशनच्या पिशवीत हे प्रमाण पंचवीसाला शून्य आहे.

शून्य असलं की घरातली बाई काय करते? डाळ पातळ करते. पावभर तुरीची डाळ चार वेळा पुरवते. ज्याला मराठवाड्यात वरण म्हणतात ते हळदीच्या पाण्यावर येतं. मग डॉक्टरांनी विचारलं, 'डाळ खाता का?' तर उत्तर खरंखुरं 'हो' असंच असतं.

खाण्याच्या पद्धतीवर या भागात मोठी चर्चा झालेली आहे, हे आपल्याला माहीत असेलच. शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग गावोगाव सांगितला. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं सदिच्छादूत केलं. त्यांच्या पद्धतीवर आहारतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले, आणि ती चर्चा अजून मिटलेली नाही. पण तिच्यातली एक गोष्ट गरिबाच्या फार उपयोगाची होती: वजन घटवायला महागडी पावडर लागत नाही, मधल्या वेळचा गोड चहा-बिस्किट बंद केला तरी फरक पडतो. मधुमेह असलेल्यांना ते जेवणाची सुरुवात कच्च्या भाज्या आणि मोड आलेल्या कडधान्याने करायला सांगतात. सरकारने हा सल्ला सदिच्छादूताच्या तोंडून लोकांपर्यंत पोहोचवला. कडधान्य मात्र पोहोचवलं नाही.

राणीसावरगावातल्या एखाद्या घराला आहे त्या पैशांत काय करता येईल, तेही इथे सांगायला हवं. सगळा भार सरकारवर टाकून मोकळं होण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

पहिली गोष्ट चहाची. कपाला दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. शेतावर, पारावर, पाहुण्याबरोबर दिवसाचे चार कप सहज होतात. झाली ४० ग्रॅम साखर, तीही बाकी गोडधोड न मोजता. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. नवरा-बायको दोघांचा असा चहा महिन्याला जवळपास अडीच किलो साखर खातो. ती बंद केली तर त्या पैशांत किलोभर हरभरा सहज येतो. खर्च न वाढवता ताट बदलण्याची याहून सोपी जागा नाही. फिका चहा पंधरा दिवस बेचव लागतो, मग जीभ वळते.

दुसरी गोष्ट जेवणाच्या क्रमाची, आणि तिला तर एक पैसाही लागत नाही. आधी भाजी, उसळ, वाटीभर घट्ट वरण, भाकरी शेवटी. त्याच जेवणाचा क्रम असा बदलला तर जेवणानंतर साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलं आहे. भाकरी मोडून कालवणात कुस्करायची सवय असलेल्या घरात हे अवघड वाटतं. तरी करून पाहण्यासारखं आहे.

मग धपाटे. ज्वारीच्या पिठात बेसन घालायची रीत इथे आधीपासून आहे, फक्त बेसन नावापुरतं असतं. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घेतलं तर १०० ग्रॅम पिठातली प्रथिनं दहाची चौदाच्या घरात जातात, आणि कर्बोदकंही थोडी उतरतात. त्यात मेथी किंवा तांदुळजा चिरून घातला, वर शेंगदाण्याची, कारळाची किंवा जवसाची चटणी आणि वाटीभर ताक असलं, तर दीड धपाट्यात पोट भरतं. कारळ आणि जवस यांना 'गरिबाची चटणी' म्हणून बाजूला सारलं गेलं, याचं वाईट वाटतं. शहरात हेच जवस पाकिटात घालून चौपट भावाने विकतात.

भाजीचं म्हणाल तर या मातीने पुष्कळ दिलं आहे. परभणी हा करडईचा जुना जिल्हा. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण दिला. विरळणीत उपटलेली कोवळी करडई म्हणजे हिवाळ्याची भाजी. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घरात भाजी येते. तीच वाळवून ठेवली की उन्हाळ्यातही चालते. बांधावरचा शेवगा, पावसाळ्यातला तरोटा, घोळ, आंबाडी यांना पैसे पडत नाहीत. मात्र तणनाशक मारलेल्या रानातली भाजी खुडू नये. तणनाशकाची फवारणी वाढली तशी बांधावरची ही भाजी आटत चालली आहे, आणि ती हानी कुठल्याच हिशोबात धरली जात नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट सोयाबीनची. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून अधिक. शेतकरी ते पोत्याने पिकवतो, भाव पडला म्हणून कळवळतो आणि पोत्यानेच आडतीवर घालतो. तेल निघतं, उरलेली पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरात प्रथिनांची टंचाई राहते. कच्चं सोयाबीन दळून खाऊ नये, कारण त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. स्वच्छ दाणे उकळत्या पाण्यात २५ मिनिटं ठेवायचे, निथळून कडक उन्हात वाळवायचे, सालं काढायची आणि नऊ किलो ज्वारी-गव्हामागे एक किलो या मापाने दळणात घालायचे. भाकरीची चव फारशी बदलत नाही. याने पिठूळ भाग फार घटत नाही हे खरं, पण दोन भाकरींचं काम दीड भाकरीत होतं. सुगीला वीस-पंचवीस किलो सोयाबीन घरात ठेवलं की पाच माणसांचं वर्ष निघतं. सोयाबीन पिकवणाऱ्या घरात हा खर्च जाणवतसुद्धा नाही.

अंडं सहा-आठ रुपयांना मिळतं आणि त्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. जे खातात त्यांनी ते पाहुण्यांसाठी राखू नये.

रेणुकादेवीच्या गावात नवरात्राचा विषय टाळता येत नाही. नऊ दिवसांचा उपवास साबुदाण्यावर काढला जातो, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तामिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांत कंदापासून तयार झालेला हा दाणा आईच्या उपवासाला कधीपासून आवश्यक झाला, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा, थोडी भगर यांवरही उपवास होतो. मात्र शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने उपवास करणं, जेवणं घटवणं किंवा भाकरी एकदम कमी करणं, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. काही औषधांवर असताना पोट रिकामं राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. आणि दिवसभर कोयता चालवणाऱ्या बाईला, गरोदर लेकीला, वाढत्या पोराला 'भाकरी कमी खा' हा सल्ला लागू नाही. त्यांना भाकरी पोटभर हवी आणि तिच्याबरोबर डाळही.

आता मागणी.

मंत्री महोदय, रेशनवर डाळ देणं ही नवी गोष्ट नाही. २०१७ मध्ये तुरीचं उदंड पीक आलं, खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या तुरीची डाळ करून २०१८ मध्ये याच राज्याने ती रेशन दुकानांतून ३५ रुपये किलोने दिली. २०२० मध्ये टाळेबंदीत केंद्राने दर कार्डाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मोफत दिला, नोव्हेंबरपर्यंत. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला, १०० रुपयांत रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. म्हणजे गोदाम तेच, दुकानदार तोच, अंगठ्याचं यंत्र तेच, आणि त्यावरून डाळ तीनदा गेलेली आहे. बाहेर पाहिलं तर तामिळनाडू २००७ पासून कार्डामागे एक किलो तूरडाळ ३० रुपयांना देतं. हिमाचल प्रदेश सवलतीत डाळी देतं. छत्तीसगडने आदिवासी भागात ५ रुपये किलोने हरभरा दिला.

खर्चाचा प्रश्न येईल, आणि तो खरा आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात सुमारे सात कोटी लोक येतात, त्यांना डाळ द्यायची तर रक्कम मोठी होईल. पण तूर, उडीद आणि मसूर हमीभावाने हवी तितकी खरेदी करायला केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात चार वर्षांसाठी तयारी दाखवली आहे. ही तूर मराठवाड्यातून उचलायची, गोदामात ठेवायची आणि पुढे खुल्या बाजारात सोडायची, त्यापेक्षा परभणी-लातूरच्या डाळ गिरण्यांत भरडून त्याच जिल्ह्यांच्या दुकानांत उतरवली तर वाहतूकही वाचेल. २०२३ मध्ये केंद्राने 'भारत डाळ' नावाने चणाडाळ ६० रुपये किलोने काढली, तेव्हा तिच्या गाड्या मुख्यतः शहरांत फिरल्या. ज्या गावांत हरभरा पिकतो तिथल्या दुकानात ती दिसायला हवी होती.

सुरुवात लहान असली तरी चालेल. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत प्राधान्य आणि अंत्योदय कार्डांना दरमहा दोन किलो, एक किलो तूर आणि एक किलो हरभरा. पाच माणसांना लागणाऱ्या पावणेतेरा किलोंपुढे हे थोडंच आहे, पण त्याने वरण घट्ट होईल. सोबत गव्हा-तांदळाचा काही हिस्सा ज्वारीचा असावा. काही जिल्ह्यांत अधूनमधून ज्वारी दिली गेली, पण ती नेमाने यायला हवी आणि खाण्याजोगी हवी. परभणीच्या विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला आहे. त्याची हमीभावाने खरेदी होऊन ती ज्वारी रेशनवर आली तर पेरणारा आणि खाणारा एकाच तालुक्यातले असतील. सणाचा शिधा पुन्हा द्यायचा झाला तर त्यातून रवा आणि साखर काढून त्या जागी मूग, मटकी, शेंगदाणे घालावेत, हीही विनंती. पुरणपोळीचा गूळ माणूस स्वतः आणतो. त्याला अडतं ते डाळीसाठी.

रेशनच्या पावतीवर आज गहू आणि तांदूळ अशा दोन ओळी छापून येतात. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. खरेदी केंद्रांवर मापं सुरू होण्याआधी नियतनाच्या आदेशात डाळीची तिसरी ओळ आली, तर ऊसतोडीवरून परतलेल्या घरांत त्याच उन्हाळ्यात पहिली दोन किलो डाळ पोहोचेल.

राणीसावरगाव,
ता. गंगाखेड, जि. परभणी